कोहारूचं रिकामं ताट

जपानहून मस्कतला आलेल्या शाळकरी पाहुण्यांपैकी एकीला घरी जेवायला नेण्याचं काम प्रणालीने हात वर करकरून मिळवलं होतं. हिवाळ्यात तिच्या शाळेतली एकच मुलगी जपानला जाणार होती, आणि कुणाला बोलवायचं ते हे पाहुणेच ठरवणार होते.

बौशरला प्रणालीच्या घरी येताना गाडीत कोहारूने इंग्रजीत हळूच विचारलं, "तुमच्याकडे जेवताना काय पाळायचं? आमच्याकडे पानात टाकलं की आजी दोन दिवस बोलत नाही."

"आमच्याकडेही तेच. ताट चाटूनपुसून साफ करायचं. आई खूश होते."

यात खोटं काही नव्हतं. फक्त अर्धंच होतं. रिकामं ताट दिसलं की आईचा हात आपोआप वाढायला पुढे येतो आणि पहिलं 'नको' तिच्या खिजगणतीतही नसतं, हे उरलेलं अर्धं प्रणालीने गिळून टाकलं. थोडी गंमत नको का?

घरात शिरताच कोहारूने बूट जुळवून ठेवले आणि बुद्धमूर्तीसमोर कमरेत वाकून नमस्कार केला. आई तिथेच विरघळली.

पुरणपोळी आली, वर तुपाची धार. कोहारूने शेवटचा कणही टिपून खाल्ला. "घे ना. लाजू नको," म्हणत आईने लगेच दुसरी वाढली. तीही गेली. मग तिसरी.

"बघ, कशी जेवते पोर. नाहीतर आमच्या बाईसाहेब, कडा टाकून उठतात."

"अगं, खलास. पुरे तिला," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. लाजतेय ती."

प्रणालीने पेल्याआड तोंड लपवून हसून घेतलं. पण चौथी पडली आणि कोहारूच्या कपाळावर घाम आला. ही आजारी पडली तर? जपानचं विमान प्रणालीच्या डोळ्यांदेखत उडून जाऊ लागलं. आई आणखी पोळ्या आणायला आत वळली, तशी प्रणाली कुजबुजली, "आता थांब. ताटावर दोन्ही हात आडवे धर आणि निदान तीनदा नको म्हण. हे... मला आधीच सांगता आलं असतं."

"कळलं होतं मला. पेला पारदर्शक आहे तुझा."

प्रणालीचे कान तापले.

"पण मला सांग," कोहारूने शांतपणे विचारलं, "असा आग्रह आईनेच करायचा असतो, की पाहुणीने केलेलाही चालतो?"

"कुणीही करू शक..." प्रणालीने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

कोहारूने आपली पोळी दोन्ही हातांनी उचलून तिच्या ताटात ठेवली आणि आईकडून नुकतंच शिकलेलं मराठी वापरलं. "घे ना. लाजू नको."

आई परातीसह दारात उभी. "अगोबाई, ही तर आपल्यातलीच निघाली. खा गं, पाहुणी एवढं वाढतेय." आणि तिने वर आणखी एक ठेवली.

प्रणालीचं तीनदा नको म्हणून झालं. हात आडवे धरून झाले. पोळी हातांवरच पडली.

"जपानला यायला मी तुझंच नाव देणार आहे," कोहारू प्रेमाने म्हणाली. "माझी आजी तुझी वाटच बघेल. ती तुझ्या आईपेक्षा जास्त वाढते."

प्रणालीच्या तोंडात पुरण इतकं भरलं होतं, की तिला नुसती मान डोलावता आली.