कॅटलॉगमधला वळू आणि मी

मित्रांनो, मी नॉर्थ कॅरोलिनातली एक म्हातारी काळी गाय आहे. माझ्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर एक्केचाळीस आकडा आहे, तेच माझं नाव. कॅरी शहरापासून तासाभरावर माझ्या मालकिणीचं, अंतराचं, कुरण आहे. तिथे आम्ही तीस गायी राहतो. आमची वासरं मांसासाठी वाढवली जातात. ऐकून वाईट वाटेल, पण खरं ते सांगायला हवं.

अंतराचा जन्म इथलाच. तिची आई सुलेखा पुण्याची. औषधांच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर ती दर शनिवारी कुरणावर येऊ लागली.

मी सव्वा वर्षाची कालवड होते, तेव्हा अंतराने माझ्यासाठी वळू निवडला. वळू स्वतः येत नाही, त्याचं गोठवलेलं वीर्य बारीकशा कांडीतून येतं. निवड होते कॅटलॉगमधून. त्यात प्रत्येक वळूपुढे आकड्यांची रांग असते.

कुंपणाला टेकून अंतरा म्हणाली, "आई, हा बघ. याची वासरं सगळ्यात हेवी होतात. मार्केटला भाव चांगला मिळेल."

सुलेखाने पानावर बोट ठेवलं. "आणि हे वासरांचं जन्मतानाचं वजन? तेही सगळ्यात जास्त दिसतंय. हिची तर पहिलीच वेळ आहे ना?"

"मॅनेज होईल गं. डोंट वरी."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मला कळा सुरू झाल्या. वासराचे पुढचे पाय दिसले, पण डोकं काही बाहेर येईना. जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आणि अंतराने मिळून वासरू ओढून काढलं. काळाभोर, थोराड गोऱ्हा होता. त्याने श्वास घेतलाच नाही. तो माझ्या तोंडाशी होता तोवर मी त्याला चाटत राहिले.

दोन दिवस मला उठता आलं नाही. अंतरा मला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायची, बादलीने पाणी पाजायची. तिसऱ्या सकाळी मी लटपटत उभी राहिले.

ज्या गायीमागे वासरू नाही, तिला विकून टाकतात. सुलेखाने हळूच विचारलं, "हिचं काय करणार?"

"ठेवणार," अंतरा म्हणाली. "चूक तिची नाहीये. बुल मी सिलेक्ट केला होता."

पुढच्या वेळी मायलेकी कॅटलॉग घेऊन बराच वेळ बसल्या. ज्यांची वासरं सहज जन्मतात, तेवढेच वळू अंतराने आधी वेगळे काढले. मग त्यांतला चांगल्या वाढीचा आणि मजबूत पायांचा एक निवडला. त्याचा एकही आकडा सगळ्यात मोठा नव्हता.

त्याच्यापासून मला झालेली कालवड अर्ध्या तासात उभी राहिली आणि धडपडत दूध प्यायली. अंतरा ओल्या गवतातच बसली आणि तोंड झाकून रडली. ती कालवड विकली गेली नाही. आज ती कळपातली सगळ्यात भरवशाची गाय आहे.

आता अंतरा वळू निवडण्याआधी आमच्यातून हिंडते. कुणाची कंबर अरुंद आहे, कोण पाय जपून टाकतं, ते पाहते. मगच पान उघडते. तरुण मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात असा एखादा कॅटलॉग येईल. आकडे सगळे वाचा, आवडतात तेवढेच नव्हे. आणि वाचून झाले की मान वर करून आमच्याकडेही बघा.