निर्माल्यातली चिठ्ठी

“आजी, चिठ्ठ्या तूच लिहिणार ना? मग एक काम कर, दोन्हींवर माझंच नाव लिहून टाक. किस्सा ही खतम.”

ध्रुव पोह्यांवर शेव पेरता पेरता बोलला आणि आपल्याच विनोदाला हसला. बावीस वर्षांचा नातू. खांदे आजोबांचे, हसताना मान मागे टाकायची लकबही आजोबांचीच. शामलाबाईंच्या हातातला झारा कढईच्या काठावर वाजला.

“असं बोलू नये,” त्या म्हणाल्या.

“अगं, मजाक करतोय. पण पुष्करला वाटतंय की किल्लेदार तोच होणार. मी बोललो त्याला, देख भाई, बाप्पा तय करेगा.” त्यानं बॅग खांद्याला लावली. “सहाला चिठ्ठ्या उचलायच्यात. तू रिक्षानं ये, मी क्लासवरून सीधा येतो.”

तो जिना उतरू लागला. उतरता उतरता त्याचा आवाज खर्जात गेला. “पिंगळ्या, तू नुसतं दार दाखवलंस...” पुढची ओळ त्याला आठवली नसावी. खाली गाडी सुरू झाली आणि दर्पण कॉलनीतल्या त्या दोन खोल्या पुन्हा गप्प झाल्या.

लश्कर भागातल्या मराठी मंडळींचं हे मंडळ जुनं, आणि किल्लेदाराचं नाटक मंडळाइतकंच जुनं. पहाटेच्या पारी पिंगळा किल्ल्याखाली येतो, कंदील हलवत सांगतो की किल्लेदारा, तू सिंहासनावर बसशील. किल्लेदार इमानी माणूस. पण त्या दिवसापासून त्याला झोप नाही. शेवटी आपल्या हातानं चोरदिंडीची कडी काढून तो आपल्याच राजाचा घात करतो, गादीवर बसतो आणि रसातळाला जातो. दर पाच-सात वर्षांनी गणेशोत्सवात हे नाटक व्हायचंच. एकदा या भूमिकेवरून दोन व्याह्यांची बोलचाल जन्माची तुटली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी रीत घातली. दोघं तोलामोलाचे उभे राहिले, तर निवड माणसांनी करायची नाही. दोन चिठ्ठ्या लिहायच्या, चार घड्या घालून गणपतीपुढच्या ताम्हणात ठेवायच्या, लेकराच्या हातानं एक उचलायची. जी उरेल ती उघडायची नाही. देवानं जे नाकारलं ते माणसानं वाचू नये, म्हणून ती तशीच निर्माल्यात टाकायची.

शामलाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचं अक्षर म्हणजे ओवलेले मोती. म्हणून चिठ्ठ्या त्यांनी लिहायच्या, हेही रीतीतच जमा झालं होतं.

त्यांनी भांडी आवरली, हात पुसले, दोन कागद सारखे कापले. एकावर लिहिलं, ध्रुव. दुसरा पुढे ओढला. पेन टेकलं, वळलं, आणि कागदावर ‘ध’ उमटला.

त्या ‘ध’कडे त्या बघत राहिल्या. पाप मनानं विसरायचं म्हटलं तरी हाताला ते पाठ असतं. त्यांनी कागद फाडला, नवा घेतला, त्यावर पुष्करचं नाव लिहिलं. मग देवघरामागून कुंकवाचा करंडा काढला. नवरा गेल्याला सोळा वर्षं झाली होती, तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. आत वाळलेल्या कुंकवात एक चार घड्यांची चिठ्ठी होती. कडा लाल झालेल्या. ती पस्तीस वर्षांची होती.

करंडा पर्समध्ये टाकून त्यांनी रिक्षा धरली. “दाल बाजार,” त्या म्हणाल्या.

आषाढ उजाडला होता तरी आभाळ कोरडंच होतं. रिक्षाच्या आडोशालाही गरम वारा तोंडावर येत होता. इंदरगंजचा चौक आला, तशी त्यांनी सवयीनं डावीकडची ती कचेरी पाहिली. त्यांचे यजमान मधुसूदन तिथे कारकून होते. रोज संध्याकाळी साहेबाचं बोलणं खाऊन घरी यायचे आणि ताट पुढे घेऊन मुकाट जेवायचे. पस्तीस वर्षांपूर्वी किल्लेदाराच्या भूमिकेला दोघं उभे राहिले. एक मधुसूदन आणि दुसरा त्यांचाच जिवाभावाचा दोस्त, पांडुरंग. कुणीही सांगितलं असतं की पांडुरंग सरस. भोपाळचे एक नाट्यदिग्दर्शक तालीम बघून त्याला म्हणाले होते, “किल्लेदार कर, मी बघायला येतो. मग चल माझ्याबरोबर.”

शामला तेव्हा तिशीची. एक दिवस तरी ह्यांना राजा होऊ दे, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर पहिल्या रांगेत राजाची बायको म्हणून तिला बसायचं होतं. हे खरं तिनं स्वतःलाही पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिनं दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलं. स्मृती नावाच्या पाच वर्षांच्या पोरीनं इवल्या हातानं एक उचलली आणि सभागृहात टाळ्या पडल्या. उरलेली चिठ्ठी निर्माल्याच्या टोपलीतून तिनं हळूच काढून घेतली, कुणी उघडू नये म्हणून.

नाटकात पिंगळा एक गाणं म्हणायचा,

दैवाला नाही डोळे, दैव चालते आंधळे
माझ्याच बोटाला धरून माझ्या उंबऱ्याशी आले

प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून ते गाणं ऐकताना तिनं स्टेजवरची नजर काढून घेतली होती.

मधुसूदननी भूमिका बरी केली. पण त्यांच्या डोक्यात टाळ्या नाहीत, चिठ्ठी चढली. बाप्पानं आपल्याला निवडलंय. चार वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली, पुण्याला गेले. तिथे कुठल्या कुठल्या नाटकांत भालदार झाले, पोस्टमन झाले, सामानाच्या ट्रकमध्ये झोपले. पोटाचा आजार घेऊन परत आले ते गॅलरीतल्या खुर्चीतच बसले. मुलानं, यशोधननं, बारावी होताच औषधांच्या दुकानात नोकरी धरली, ती आजतागायत तीच. मरणाच्या आदल्या दिवशी मधुसूदननी तिचा हात धरून विचारलं होतं, “शामे, बाप्पानं मलाच निवडलं होतं ना गं? मग?”

तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

पांडुरंगरावांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. मामांचं दुकान, मामांनंतर त्यांचं. उघड्या पोत्यांमध्ये तूर, मसूर, मूग, आणि मधे स्टुलावर बसून ते चाळणीत मूग निवडत होते. सत्तरी उलटली होती. पाठ ताठ, आवाज मात्र कधी कुणी मोठ्यानं ऐकला नव्हता. मंडळाच्या आरतीची घंटा तेच वाजवायचे, प्रत्येक प्रयोगाला तिसरी घंटाही तेच द्यायचे आणि पडदा वर गेला की मागच्या दारानं घरी जायचे.

“वहिनी? या गर्मीत कशाला आलात? फोन करायचा होता.” ते उठले, पोतं सरकवून त्यांनी खुर्ची मोकळी केली. “पाणी मागवतो.”

“पाणी नको, भावजी. बसा.”

त्यांनी करंडा उघडला, चिठ्ठी काढून चाळणीच्या काठावर ठेवली.

पांडुरंगरावांनी चष्मा वर केला. “ही तर चिठ्ठी आहे. कुठल्या सालची?”

“ज्या साली हे किल्लेदार झाले.”

“मग ही तुमच्यापाशी कशी? ही निर्माल्यात जायला हवी होती. उघडायची नसते ही.”

“उघडलीत तरी त्यात तुमचं नाव नाही,” शामलाबाई म्हणाल्या. “त्यातही ह्यांचंच नाव आहे. दोन्हींवर मी ह्यांचंच लिहिलं होतं.”

गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली. पांडुरंगरावांचे हात चाळणीवर तसेच होते. बोटांना एक खडा लागला, तो त्यांनी उचलून बाजूच्या वाटीत टाकला. मग दुसरा टाकला.

“मधूला माहीत होतं?”

“नाही. देवाशपथ नाही.”

“हं.” आणखी एक खडा. “म्हणजे तोही बिचारा...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“तुम्ही मला काय वाटेल ते बोला. सगळ्यांसमोर बोला, आज संध्याकाळीच बोला. तुमचं आयुष्य मी...”

“थांबा, वहिनी.” आवाज चढला नव्हता. “तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. कुणालाच नाही. प्रयोगाला ते भोपाळवाले आले होते. मी द्वारपाल, दोन वाक्यांचा. नंतर त्यांचं कार्ड आलं. ‘चिठ्ठी कुणाचीही निघो, तू ये. जागा ठेवली आहे.’ दोन महिने ते कार्ड या गल्ल्यात होतं. मी गेलो नाही.”

“का?”

“भीती वाटली. आपण तिथे पुरे नाही पडलो तर? आई होती, मामा म्हणत होते की दुकान बघ. पण हे काही मी स्वतःला सांगितलं नाही. मी म्हटलं, बाप्पानं नाही म्हटलंय. लोकही म्हणाले, बरोबर आहे. पस्तीस वर्षं वहिनी, त्या एका ‘नाही’ला पाठ टेकून बसलो मी. आज तुम्ही येऊन सांगता की बाप्पा काही बोललाच नव्हता.” त्यांनी पहिल्यांदा शामलाबाईंकडे पाहिलं. “मग नाही कोण म्हणालं?”

शामलाबाईंनी नजर चिठ्ठीवर नेली.

“तुमचं पाप तुम्ही इतकी वर्षं डबीत सांभाळलंत. माझं मला आज आणून दिलंत.”

त्यांनी चाळणी मांडीवरून खाली ठेवली. नजर समोरच्या पोत्यांवरून कुठेतरी पलीकडे गेली आणि ते बोलू लागले. आधी शामलाबाईंना वाटलं, आपल्याशीच बोलताहेत.

“पिंगळ्या, तू नुसतं दार दाखवलंस. कडी मी काढली. तुझ्या कंदिलाला मी दोष देत नाही, उजेडाचं काम दाखवायचं. हे हात माझे. या हातांना कुणी हुकूम केला नव्हता. आता माझ्या नावानं रडू नका. जो आपल्या पायांनी आला, त्याला वाट चुकलेला म्हणत नाहीत...”

अख्खं स्वगत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मधुसूदननी स्टेजवर ते ओरडून म्हटलं होतं. हा माणूस मुगाच्या पोत्यांपुढे, गल्लीत कुणाला ऐकूही जाऊ नये इतक्या हळू म्हणत होता, आणि शामलाबाईंच्या अंगावर त्या उकाड्यात काटा आला. आपण काय झाकून टाकलं होतं, ते त्यांना इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ऐकू आलं.

“भैयाजी, अरहर कैसे दी?” दाराशी एक बाई पिशवी घेऊन उभी होती.

पांडुरंगराव उठले. भाव सांगितला, दोन किलो तूर तोलून दिली, पिशवीचं तोंड बांधून दिलं. परत येऊन त्यांनी पुडीच्या कागदाचा तुकडा फाडला आणि कानावरचं पेन काढून पुढे केलं.

“त्या दिवशी जे लिहायचं राहिलं, ते लिहा.”

शामलाबाईंनी लिहिलं, पांडुरंग. तेच मोत्यांचं अक्षर. पांडुरंगरावांनी ते वाचलं, चार घड्या घातल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवलं. जुनी चिठ्ठी त्यांनी न उघडता करंड्यात परत टाकली आणि करंडा त्यांच्या हातात दिला.

“ही तुमची. तुमच्यापाशीच राहू द्या.”

“भावजी, मला माफ...”

“ते आज नका मागू,” ते म्हणाले आणि चाळणी मांडीवर घेतली.

संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात पंखे घरघरत होते. स्मृती आता मंडळाची सचिव झाली होती. जाता येता ती सगळ्यांना सांगत होती, “पूर्वी मीच उचलायची हं चिठ्ठी. माझा हात शुभ म्हणायचे.” ध्रुव आणि पुष्कर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते आणि दोघांचेही पाय हलत होते. शामलाबाईंनी ताम्हणात चिठ्ठ्या ठेवल्या. मागच्या रांगेत पांडुरंगराव येऊन बसलेले त्यांनी पाहिले.

“जरा थांबा,” पांडुरंगराव उठून पुढे आले. त्यांनी ताम्हणातली एक चिठ्ठी उचलली, उघडली, सगळ्यांना दिसेल अशी धरून वाचली. “ध्रुव.” दुसरी उघडली. “पुष्कर.” मग दोन्हींच्या घड्या पहिल्यासारख्या घालून त्यांनी त्या परत ठेवल्या.

“काय काका, आमच्या काकूंवर भरोसा नाही का?” स्मृती हसत म्हणाली, आणि सगळे हसले.

“रीत करून टाका,” ते म्हणाले. “आजपासून आधी वाचून दाखवायचं.”

शामलाबाई ताम्हणाकडेच बघत होत्या. मान वर करायचा त्यांना धीर झाला नाही.

चिमुरडी तन्वी पुढे आली, तिनं डोळे मिटून हात घातला. पुष्करची चिठ्ठी निघाली. आरडाओरडा झाला, ध्रुवनंच त्याला आधी मिठी मारली. मग आजीजवळ येऊन खुर्चीच्या हाताला टेकला. “चलो, ठीक है. किस्मत.”

“किस्मत म्हणू नको रे,” शामलाबाई म्हणाल्या.

“मग काय म्हणू?”

त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आरतीची तयारी सुरू झाली. पुजाऱ्यांनी निर्माल्याची टोपली फिरवली आणि उरलेली चिठ्ठी तिच्यात टाकली. टोपली पांडुरंगरावांच्या समोर आली, तेव्हा त्यांनी खिशात हात घातला. पुडीच्या कागदाच्या त्या चार घड्या त्यांनी क्षणभर मुठीत धरल्या आणि शिळ्या जास्वंदीवर, दुर्वांवर हलकेच सोडल्या. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काही नवस असेल म्हाताऱ्याचा.

टोपली पुढे गेली. शामलाबाईंपर्यंत आली. पर्समधल्या करंड्यावर त्यांचा हात गेला, घट्ट झाला आणि तिथेच राहिला. त्यांनी मान हलवून टोपली पुढे जाऊ दिली.

आरती सुरू झाली तरी घंटा वाजली नाही म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. मागच्या दाराशी, खुंटीला, पांडुरंगरावांची घंटा नुसतीच लटकत होती, आणि बाहेर जिन्यावरून कुणीतरी एकेक पायरी मोजावी तसं उतरत होतं.