काटा जिथल्या तिथे

घरात गाडी एक आणि चालवणाऱ्या जावा दोन. थोरली सकाळी दहा मिनिटांवरच्या कचेरीत जायची; धाकटी दुपारभर गणिताच्या शिकवण्यांना गावभर हिंडायची. गाडी बंद पडायची ती नेमकी धाकटीच्या हातात.

"माझ्याकडे कधी कुरकुर करत नाही ती," थोरली म्हणाली. "क्लचवर पाय ठेवून चालवत असशील. रविवारपासून किल्ली माझ्याकडेच राहू दे."

थोरलीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. किल्ली गेली की लांबच्या चार शिकवण्याही गेल्या. धाकटी भांडली नाही. गाडी कधी बंद पडते ते आठवडाभर वहीत लिहिलं आणि शनिवारी वही घेऊन गॅरेज गाठलं. निकाल ऐकायला थोरलीही आली.

मिस्त्रीने वही वाचली. "पंचवीस मिनिटं, अठ्ठावीस, सव्वीस. गार झाली की पुन्हा सुरू. अशी गिऱ्हाइकं असती तर माझे केस आज डोक्यावर असते, वहिनी."

त्याने पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचं घड्याळ जोडलं आणि इंजिन सुरू केलं. काटा जागेवर ठाम.

"बघा, काही झालंय का तिला?" थोरली म्हणाली.

"चहा घ्या. पहिली दहा मिनिटं ती तुमच्यापुढे शहाण्यासारखीच वागणार."

चोविसाव्या मिनिटाला काटा घसरला आणि इंजिन धापा टाकत गप्प झालं. मिस्त्रीने टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाच्या तारा तपासल्या. वीज नीट पोचत होती. मग टाकीच्या बुडाला रबरी हातोडीचे दोन टोले दिले. गाडी सुरू.

"पंप. तापला की मान टाकतो. क्लचचा काही संबंध नाही."

थोरलीने चहाच्या कपात बघितलं.

इंजिन गार झाल्यावर त्याने बॅटरीची तार काढली, मागची सीट उचलली आणि टाकीचं झाकण फिरवून पंप वर ओढला. आत डोकावला, तर तळाशी जेमतेम पेट्रोल.

"पंप पेट्रोलमध्ये बुडलेला हवा, तेच त्याला गार ठेवतं. टाकी एवढी कोरडी का ठेवता?"

घरचा नियम होता : गाडी घेतली तशी परत ठेवायची.

"मला मिळाली तेव्हा काटा लाल रेघेवर होता," धाकटी म्हणाली. "वापरलं तेवढंच भरलं."

"मीही तेवढंच," थोरली हळूच म्हणाली. "सासऱ्यांनी किल्ली दिली तेव्हा तिथेच होता."

"त्याला किती वर्षं झाली?"

"चार."

"म्हणजे चार वर्षं दोघींनी पंपाला उपाशी ठेवलं," मिस्त्री म्हणाला, "तेही शिस्तीत."

आधी धाकटी हसली, मग थोरलीलाही हसू आवरेना.

नवा पंप बसला, झाकणाखाली नवी रबरी रिंग आली. किल्ली फिरवताच मागून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली. इंजिन चाळीस मिनिटं चाललं. धाकटीने घड्याळ लावूनच मोजलं.

परतताना थोरलीने गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. मग किल्ली धाकटीच्या हातात ठेवून स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"काटा अर्ध्याखाली गेला तर विचारत बसायचं नाही, भरायचं."

"बरं, ताई."

"आणि क्लचवर पाय ठेवू नकोस."

"नाही ठेवत हो."

"माहीत आहे. तरी सांगते."