ओळखीच्यांना आमंत्रण

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार असह्य झाला, तेव्हा हस्नावती इंडोनेशियातल्या सुराबायाहून बोटीने दूरच्या मकास्सर शहरात पळून आली आणि एका शिवणकारखान्यात कामाला लागली. तिचा पत्ता माहेरीही कुणाला ठाऊक नव्हता.

शेजारच्या मशीनवरची नुरलेला तिच्या मागेच लागली. "अगं, सगळा कारखाना या नव्या ॲपवर आहे. कामाची पाळी बदलली तरी तिथेच कळतं. तू काय गुहेत राहतेस?"

हस्नावतीने खोटं नाव घातलं, फोटोच्या जागी फूल लावलं. ॲप विचारत गेलं, ती 'हो' दाबत गेली. शेवटी पडद्यावर आलं, 'तुमच्या फोनमधल्या सगळ्यांना तुमच्या शहराच्या नावासह आमंत्रण पाठवलं आहे.'

फोनमध्ये नवऱ्याचा, दार्विसचा, जुना नंबर होता. तिने फोन नुरलेलापुढे धरला.

"हे बंद कर, नुरलेला! आत्ताच्या आत्ता!"

नुरलेलाने बरीच खटपट केली. "खातं पुसायला तीस दिवस लागतात म्हणे. मध्ये ॲप उघडलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

तेवढ्यात दार्विसचा निरोप आला. "तुझ्या आईलाही हेच आमंत्रण आलंय. नाव काहीही लाव, आम्हा दोघांचे नंबर असणारी तूच. मकास्सरला आहेस होय? येतो."

हस्नावती खोलीवर परतलीच नाही. नुरलेलाच्या घरी, मागच्या खोलीत खिडक्या लावून राहिली. खातं पुसायचं तिने रोज ठरवलं आणि रोज उघडलं. त्याचे निरोप तिथेच यायचे; तो कुठवर पोचला हे कळायला तिला दुसरा मार्ग नव्हता.