चवथीचा चंद्र आणि ग्रीकांचा मंगळ

लालबागच्या चाळीत गुणाजींच्या घरचा गणपती टीचभर, पण आरास बघायला अख्खा मजला लोटायचा. दरवर्षी काहीतरी हलतं-फिरतं असायचं. कधी पाणी ओढणारा रहाट, कधी फुगडी घालणाऱ्या बाहुल्या. यंदा गुणाजींच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांनी सुनेला सांगितलं, "सुमेधा, यंदा आरास तुझ्याकडे."

सुमेधा प्रभादेवीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. लग्नानंतरचे हे तिचे पहिलेच गणपती. तिने हो म्हटलं आणि विषय काय निवडावा, तर प्राचीन ग्रीकांचं विश्व. शहाण्या माणसाला खूळ लागलं की ते साधंसुधं नसतं, हे खरंच आहे.

खुळामागे कारण होतं. लग्न ठरताना सुमेधाच्या पत्रिकेत मंगळ निघाला होता. "मुलगी चांगली आहे, पण मंगळ आहे," एवढंच तिच्या सासूबाई, दुर्गाबाई, बोलल्या होत्या. त्यांचा मुलगा शंतनु हटून बसला म्हणून लग्न झालं. त्यानंतर दुर्गाबाईंनी मंगळाचं नाव काढलं नाही, टोमणा मारला नाही. उलट सुनेला कधी तोडून बोलल्यासुद्धा नाहीत, आणि हेच सुमेधाला खात होतं. नवऱ्याशी, मुलाशी, शेजारणीशी दुर्गाबाई खणखणीत मालवणीत बोलायच्या. सुमेधा दादरची, शिवाजी पार्काजवळ वाढलेली. ती समोर आली की त्यांची भाषा एकदम इस्त्री करून यायची. "चहा घेतेस का? बस ना, उभी का?" पाहुणीला विचारावं तसं. शंतनूला त्या ओल्या टॉवेलवरून झाडायच्या तेव्हा सुमेधाला चक्क हेवा वाटायचा. आपल्यावर एकदा कोणीतरी ओरडावं, एवढीच तिची इच्छा होती. ओरडायला माणूस आपलं वाटावं लागतं.

लोहार चाळीच्या बाजारातून तिने सावकाश फिरणारी छोटी मोटर आणली. सायकलचं एक जुनं चाक भिंतीशी उभं केलं, मधोमध निळी पृथ्वी, आणि चाकाच्या काठावर आणखी एक छोटं चाक बसवलं.

"हे चाकावर चाक कशाला?" गुणाजींनी खाटेवरून विचारलं.

"बाबा, ग्रीकांना वाटायचं, पृथ्वी मधे गप्प बसलीय आणि सगळं आकाश तिच्याभोवती फिरतंय. चंद्र सगळ्यात जवळ, शनी सगळ्यात लांब. आणि फिरायचं ते वर्तुळातच, कारण वर्तुळात खोट काढता येत नाही. सगळं छान जमलं होतं, फक्त काही ग्रह ऐकेनात, त्यातही मंगळ. पुढे जाता जाता थांबायचा आणि चक्क मागे यायचा."

"वक्री."

"हो, वक्री. मग त्यांनी वर्तुळही सोडलं नाही आणि मंगळालाही टाकलं नाही. मोठ्या वर्तुळाच्या काठावर छोटं वर्तुळ बसवलं आणि मंगळाला त्यात जागा दिली. दोन्ही फिरली की तो गिरकी घेऊन मागे येतो, पुन्हा पुढे जातो."

"पण सूर्य मधे असतो ना?"

"अ‍ॅरिस्टार्कस नावाचा एकजण तेव्हाच तसं म्हणाला होता. त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही. बरोबर त्याचंच होतं, बाबा. पण मला हे बाकीचे जास्त आवडतात. चुकले, पण मंगळाला सांभाळून घेताना चुकले."

आतल्या खोलीत दुर्गाबाई नारळ सोलत होत्या. त्या दारात आल्या. "मंगळ कुठला?" त्यांनी इस्त्रीच्या मराठीत विचारलं.

"तो लाल चेंडू," सुमेधा म्हणाली.

दुर्गाबाईंनी लाल चेंडूकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. या एका शब्दाचा अर्थ लावता लावता सुमेधाची बिचारीची दुपार गेली.

चतुर्थीच्या सकाळी गणपती पाटावर बसले. भटजी खालच्या मजल्यावरची पूजा उरकत होते, तिथून ते इथेच येणार होते. शंतनूने मोटर चालू केली, सुमेधाने पडदा बाजूला केला. चाक फिरू लागलं, लाल मंगळ डुलत गिरकी घेऊ लागला. आणि बाप्पाच्या मुकुटाच्या अगदी वर, पांढराशुभ्र, आत दिवा लावलेला, गोल गरगरीत चंद्र वर आला.

दुर्गाबाईंनी हातातलं दुर्वांचं ताट खाली ठेवलं. त्यांनी पदराने डोळे झाकून घेतले.

"गो बाय माझे, आज चवथ आसा, आणि तू गणपतीच्या डोक्यार चंद्र टांगलंस? आज चंद्र बघल्यार चोरयेचो आळ येता, तुका कोणी सांगूक नाय? इतक्या शिकलंस, शाळेत पोरांका शिकवतंस, आणि ह्या कळाक नाय तुका? काड तो आधी. उभी रवान बघतंस काय, काड."

गणपती उंदरावरून घसरला तेव्हा चंद्र हसला आणि शाप घेऊन बसला, ही गोष्ट सुमेधाला लहानपणापासून पाठ होती. पण ग्रीकांच्या नादात नेमकी तीच गोष्ट ती विसरली. शरमेने तिचे कान तापले आणि तिने घाईघाईने चंद्र उपटून फडक्यात गुंडाळला. शंतनु तोंडावर हात धरून हसत होता. आपल्याला आत्ता ओरडा बसला, आणि तोही मालवणीत, हे मात्र तिच्या अजून डोक्यात शिरलं नव्हतं.

कारण तोवर चाक थांबलं होतं. आत दिवा आणि बॅटरी असलेला तो जड चंद्र मंगळाच्या समोरच्या बाजूला होता, त्याच्याच वजनाने चाक तोललेलं होतं. तो गेला तसा मंगळ खाली येऊन बसला. मोटर नुसतीच कण्हत होती.

"मंगळच काढून टाकते," सुमेधा खाली बघत म्हणाली. "नुसती पृथ्वी राहू दे."

तिने लाल चेंडूला हात घातला, तर दुर्गाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"मंगळ रवांदे."

त्या आत गेल्या आणि पूजेच्या डब्यातून सुपाऱ्या घेऊन आल्या. नवग्रहांच्या पूजेत चंद्र म्हणून सुपारीच मांडतात, आणि सुपारीकडे बघायला कोणाची बंदी नाही. एक बांधली, चाक जरा हललं. मग लाल कापडात चांगल्या मूठभर बांधून त्यांनी पुरचुंडी चंद्राच्या जागी लटकवली. मंगळ अडखळला, वर चढला, गिरकी घेऊन मागे आला आणि पुन्हा पुढे निघाला. ग्रीकांनी शेकडो वर्षं हेच तर केलं होतं; कोणाला बाहेर न काढता सगळ्यांना फिरतं ठेवायचं.

आरतीला मजल्यावरची माणसं दाटीवाटीने उभी राहिली. शेजारची रखमा मान वाकडी करून बघत होती. "दुर्गे, ह्यो तांबडो कोण गो? मधीच मागे जाता तो?"

"मंगळ," दुर्गाबाई म्हणाल्या. "आमच्या सुनेचो." आणि कापराला काडी लावता लावता पुढे म्हणाल्या, "मीच समोर वजन बांधलंय. आता थांबाचो नाय."

सुमेधाच्या डोळ्यांना पाणी आलं. कापराचा धूर म्हणून तिने ते पुसलं, पण सासूच्या नजरेतून सुटलं नाही.

"रडतंस कित्याक? आत जा आणि नारळ खव. मोदकांका उशीर झालो तर बघ."

सुमेधा धावतच आत गेली आणि विळी पुढे ओढून बसली.