दानम्माच्या परसातला बंब

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. सोलापुरात, भवानी पेठेत, दानम्माच्या परसात उभा असतो. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून सांगतो. माझ्या पोटातल्या नळीत जाळ करतात, भोवती पाणी भरतात, आणि तोटी फिरवली की कढत पाणी हजर. वीज गेली म्हणून मी कधी रुसून बसलेलो नाही.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा मी अजून अंगावर मिरवतो. दानम्माच्या सासऱ्यांनी मला घरी आणलं तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली होती. सणाच्या आधी मला चिंच लावून घासत, आणि मी असा लखलखायचो की पोरं माझ्यात बघून भांग पाडायची. पण माझा खरा मान बाळंतिणीच्या घरी. गल्लीत कुठेही मूल जन्मलं की मला बोलावणं यायचं. या गल्लीतली निम्मी माणसं माझ्याच पाण्याने पहिल्यांदा न्हाली आहेत. आज तीच माणसं मिशा पिळत समोरून जातात आणि ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

मग गिझर आला. पांढरा, गुळगुळीत, थेट भिंतीवर चढून बसला. माझी रवानगी जिन्याखाली झाली. अंगावर रद्दी साठली, कोळ्यांनी जाळी विणली. यंदाच्या उन्हाळ्यात दानम्माचा मुलगा शिवपुत्र म्हणाला की बंब मोडीत देऊन टाकू. त्याने मला परसात आणून ठेवलं आणि भांडीवाल्याला निरोप धाडला. मला फार वाईट वाटलं, पण बंबाला कोण विचारतो?

परसाला लागूनच एक भाड्याची खोली आहे. तिथे ओडिशाहून आलेलं जोडपं राहतं. रंजन टॉवेलच्या कारखान्यात काम करतो, त्याची बायको सुकांती. तिला नुकतीच मुलगी झाली होती. आधी बाळ रडायचं, मग सुकांती रडायची, आणि ते सगळं माझ्या कानावर पडायचं. तिच्या आईला इतक्या लांब येणं जमत नव्हतं. खोलीत नळ नाही, आणि आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. रंजन कारखान्यातून एक कॅन भरून आणायचा. त्यातच पिणं, त्यातच बाळाचं अंग पुसणं. शेवटी त्याने दोघींना गावी पोहोचवायचं ठरवलं. ऐन मे महिन्यात, ओली बाळंतीण आणि तान्हं बाळ, दोन दिवस रेल्वेच्या जनरल डब्यात!

दानम्माला हे कळलं तेव्हा ती धुणं वाळत घालत होती. हातातलं लुगडं तसंच तारेवर टाकून ती खोलीच्या दारात गेली. सुकांती वाटीभर गार पाण्यात फडकं भिजवून बाळाला पुसत होती. दानम्मा परत आली, माझ्यापाशी थांबली आणि माझ्या काठावर हात ठेवून उभी राहिली. तिला काय आठवलं ते मला माहीत होतं.

ती लग्न होऊन कर्नाटकातून इथे आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. शिवपुत्र झाला आणि नेमका भीमेला पूर आला, तिची आई पलीकडेच अडकली. तेव्हा मायलेकरांना रोज न्हाऊ घातलं ते शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या काशम्माने. पाणी माझं, हात काशम्माचे.

"शिवपुत्रा, ह्याच्यात पाणी भर," दानम्मा म्हणाली. "आन् भांडीवाल्याला सांग, येऊ नगं."

घरातलं पाणी संपेल म्हणून शिवपुत्र कुरकुरला, पण आईपुढे त्याचं काय चालणार? सूत गुंडाळायच्या मोडक्या लाकडी बॉबिनी आणि करवंट्या घालून त्याने जाळ केला. इतक्या वर्षांनी पोटात आग! सांधे उसवतील या धास्तीने मी अर्धा झालो. पण नुसती तोटी थेंब थेंब गळली आणि माझा जीव भांड्यात पडला.

सव्वा महिना आपणच मायलेकींना न्हाऊ घालणार, असं दानम्माने रंजनला सांगितलं. त्याने नुसतं आमच्या पिंपाकडे बोट दाखवलं. सुकांतीच्या एकाच न्हाण्यात पिंपाचा तळ दिसू लागला होता. खरंच, एका घराच्या पाण्याने सव्वा महिना निघणार नव्हता.

म्हणून दानम्मा गल्लीत घरोघर गेली. पाणी येईल त्या दिवशी एकेक घागर द्या, एवढंच तिचं मागणं. सगळे म्हणाले, मल्लेश देईल तर आम्हीही देऊ, कारण त्याची टाकी मोठी. मल्लेश म्हणजे काशम्माचाच मुलगा. आपल्यालाच पुरत नाही आणि बाहेरच्यांना कशाला, असं म्हणून त्याने सरळ नाही सांगितलं.

दानम्माने आवाज चढवला नाही. "मल्लेश, मीबी बाहेरचीच हुते की. तुज्या आईला माजी भाषा येत नव्हती, मला तिची. तरी रोज येऊन मला न्हाऊ घातलं तिनं. काशम्मा असती तर तिच्याकडं मागावं लागलं नसतं."

मल्लेश आत निघून गेला. संध्याकाळी रंजनने बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले. घरोघरी पाणी खेचायच्या मोटारी घुमू लागल्या. आमच्या परसात कोणीच फिरकलं नाही. दानम्मा आपल्या नळाखाली घागर धरून बसली होती. इतक्यात भिंतीवरून एक निळा पाइप खाली आला आणि त्यातून भसाभसा पाणी पडू लागलं. शिवपुत्राने धावत जाऊन तो माझ्यात सोडला. मी काठोकाठ भरलो, आणि त्याने लगेच माझ्या पोटात जाळ केला.

मागोमाग मल्लेश स्वतः आला. काखेत एक झिजलेला लाकडी पाट होता. मी तो लगेच ओळखला.

"आईचा हाय," तो म्हणाला. "ह्याच्यावरच बसायची ती."

दानम्मा त्या पाटावर बसली आणि पाय लांब करून तिने बाळाला पायांवर घेतलं. पहिल्या तांब्याला बाळ किंचाळलं, दुसऱ्याला हुंदके देत राहिलं, आणि मग ऊन पाण्याखाली गप्प होऊन डोळे मिटून पडलं. ते पाहून सुकांती हसली. दारात उभा असलेला रंजन आत गेला आणि बॅगेतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकू लागला. तोवर गल्लीतल्या बाया घागरी घेऊन दाराशी आल्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्याही जिन्याखाली पडलेलं असेल. त्याला जरा चिंच लावा, घासा, पुसा. आणि मोडीत देण्याआधी एकदा शेजारच्या खोलीत डोकावून या. तिथे एखादं बाळ रडत असेल, आणि त्याची आजी फार लांब असेल.