भुताचा गाळप हंगाम

येलदरीच्या अलीकडचं आमचं गाव त्या दिवशी पारावर मावत नव्हतं. लिंबूबाबा निकिताचं भूत काढणार होते. निकिता माझ्या शेजारच्या बायनाबाईची लेक, दहावीतली. दोन वर्षांपासून अधूनमधून तिच्या हातावर ओरखडे दिसत होते आणि पोरीनं बोलणं टाकलं होतं.

"दिवाळीनंतर सुरू होतं म्हणतात, महाराज. गुढीपाडव्याला थांबतं," बायनाबाई म्हणाली. "औंदा दसऱ्यालाच आलं."

"मुदतीचं भूत हाय. लय खानदानी," बाबा मान डोलावत म्हणाले. "आता तरक्की झाली त्याची."

त्यांनी निकिताच्या नावानं लिंबू कापलं. फोडी लालभडक! बायकांनी पदर तोंडाला लावले. बाबांनी कोंबडा सांगितला, वर पोरीला अकरा दिवस कोंडायचा हुकूम. ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात आरोग्य खात्याची आमची आशाताई सुकेशनी पुढं झाली. तिनं ताटातली बाबांचीच सुरी उचलली आणि बाबांच्याच नावानं लिंबू कापलं. तेही लाल. गर्दी बाबांपासून चार पावलं मागं सरकली. म्हातारे बन्सीधरकाका काळजीनं म्हणाले, "महाराज, तुमचं कोण काढायलंय?"

मग सुकेशनीनं माझ्या घरच्या विळीवर तिसरं लिंबू चिरलं. रक्ताचा टिपूस नाही. "सुरीला जास्वंद चोळून वाळवलीय," ती म्हणाली. "लिंबाचा रस लागला की लाल होते." बाबांना एकाएकी जिंतूरची गाडी आठवली. कोंबडा मात्र वाचला.

गर्दी पांगल्यावर आम्ही माझ्या घरात बसलो. सुकेशनीनं विचारलं, "दिवाळी ते पाडवा तुमी कुठं असता, बायनाबाई?"

"ऊस तोडायला की."

म्हणजे हे भूत साखर कारखान्याच्या हंगामावर चालत होतं. औंदा कारखाना लवकर सुरू होणार म्हणून दसऱ्यालाच घरात बोचकी बांधायला घेतली, तसं तेही लवकर आलं.

निकिता खाली बघत म्हणाली, "माझं मीच करते, माय. तुमी गेल्यावर लय दाटून येतं. कुणाला सांगावं कळत न्हाई."

बायनाबाई रागावली नाही. लेकीचा हात हातात घेऊन रडली. मलाही रडू आवरलं नाही. भिंतीपलीकडे राहून मी एकदाही विचारलं नव्हतं. सुकेशनी दुसऱ्या दिवशी दोघींना डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता समुपदेशक ताई दर आठवड्याला निकिताशी बोलतात.

लेकरू गप्प झालं, अंगावर खुणा दिसल्या, तर लिंबू शोधू नका. रागावू नका, कोंडू नका. जवळ बसा, विचारा, डॉक्टरांकडे न्या.

आणि हो, औंदा कोयत्यात, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीत, बायनाबाईच्या जागी निकिताचा काका तिच्या बापासोबत गेला. बायनाबाई घरीच आहे. दिवाळी होऊन गेली, तरी भिंतीपलीकडून मायलेकींच्या भांडणाचा आवाज येतो. मला तो फार गोड लागतो.